धुळ्याच्या घराची मापं

अक्का, तुमचा ड्रॉइंग बोर्ड अजून तसाच तिरका उभा आहे. भेटायला येणाऱ्यांना त्याच खोलीत बसवावं लागतं, कारण दहा माणसं मावतील अशी आपल्याकडे तेवढी एकच खोली. लोक येतात, सतरंजीवर बसतात, तुमच्याविषयी चार शब्द बोलतात आणि मग त्यांची नजर भिंतीवर जाते. तिथं सरळ रेघा मारायचा टी-स्क्वेअर टांगलेला, शेजारी पितळी ओळंबा, खाली पडद्याच्या कापडांच्या नमुन्यांची पेटी. परवा एरंडोलच्या मामांनी विचारलं, "कुमुद शिवणकाम करायची का रे?" तुमचे भाऊ म्हणाले, "नाही मामा, लोकांची घरं सजवायची." मामा म्हणाले, "म्हणजे तोरणं वगैरे." तुम्ही असतात तर मामांना बोर्डापुढं बसवून तासभर समजावलं असतंत. मी नुसता चहा आणून ठेवला.

सगळे गेले की मी त्या खोलीत जात नाही. खरं सांगते, भीती वाटते. तुमची नव्हे. दुपारी घर शांत झालं की आतून टेप ओढल्याचा आवाज येतो, कातडी डबीतून ती सरसरत बाहेर येते तसा, आणि पाठोपाठ तुमचा आवाज, "सिंधू, धरलंस?" मी पोळ्या लाटत असते, हाताला पीठ असतं, आणि माझ्या तोंडून "धरलं" निघून जातं. ह्यांनी एकदा ऐकलं. तांब्याभर पाणी घेतलं आणि अंगणात जाऊन बसले.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मुंबईहून शिकून येऊन थोडेच दिवस झाले होते. घराची आतली रचना करणं हे कुणाचं काम असू शकतं, हेच जळगावात कुणाला माहीत नव्हतं. लोक तुम्हाला पडदेवाल्या बाई म्हणायचे. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "आई, हिला जरा घेऊन जाते." सासूबाई कढईतला झारा तसाच धरून म्हणाल्या, "घरची सून आता टेप घेऊन लोकांच्या घरी हिंडणार?"

"टेपला दोन टोकं असतात, आई. दुसरं टोक धरायला माणूस लागतं."

सासूबाईंना यावर उत्तर सुचेपर्यंत मी चपला घातल्या होत्या.

टेपचं टोक भिंतीला अंगठ्याच्या नखानं दाबून धरायचं. ओळंबा सोडला की तो हलायचा थांबेपर्यंत बोलायचं नाही. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली शाईची रेघ ब्लेडनं खरवडायची, पण इतक्या हलक्या हातानं की कागदाला कळता कामा नये. रंगांचं कार्ड सकाळी एकदा बघायचं आणि दिवेलागणीला पुन्हा एकदा, कारण रंग दिवसभर सारखा राहत नाही. हे सगळं तुम्ही शिकवलंत ते रागावून, टोचून, आणि कधी कधी डोक्यात टपली मारून. नुसती टेप धरायला नेलेली मी हळूहळू खोलीत पाऊल टाकल्याबरोबर उजेड कुठून येतो ते शोधायला लागले. त्याबद्दल तुमचे उपकार मानायचे राहून गेले. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती. शिवाय त्या एका घरावरून आपण इतक्या भांडलो होतो, की गोड बोलायला गेले असते तर तुम्हीच विचारलं असतंत, "बरं नाही का तुला?"

धुळ्याच्या वकीलसाहेबांचं घर.

साहेबांनी नवं घर बांधलं होतं. बैठक, जेवणघर आणि मधला बोळ त्यांना 'मॉडर्न' करून हवा होता. घरात ते, त्यांच्या आई, पत्नी मालतीबाई आणि दोन मुली. मालतीबाई पारोळ्याकडच्या खेड्यातल्या. वकिलांच्या घरात येऊन बोलणं शहरी झालं होतं, पण मुलींना हाक मारताना मूळची खानदेशी बाहेर यायची. धाकटी शैला तेव्हा परकर-पोलक्यात होती आणि आपल्या मागं मागं फिरायची.

पहिल्याच दिवशी तुम्ही कापडांचे नमुने मालतीबाईंच्या डाव्या बाजूला, अगदी मांडीला लागतील असे ठेवलेत. त्या समोर बघत म्हणाल्या, "कापडं आणली नाहीत का तुम्ही?" मला वाटलं, बाईचं लक्ष नाही. तुम्ही नमुने उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलेत. "अय्या, ही काय इथंच," त्या हसल्या. मग तुम्ही लाकडी फूटपट्टी घेतलीत आणि साहेबांना दाराच्या रुंदीविषयी काहीतरी सांगत सांगत ती मालतीबाईंच्या कानाजवळून हळूहळू पुढं आणलीत. पट्टी नाकासमोर आल्यावर त्या दचकल्या. साहेब छताकडं बघत होते. त्यांना काही कळलं नाही.

त्यानंतर तुम्ही स्वयंपाकघराचं माप घ्यायचं म्हणून मालतीबाईंना आत घेऊन गेलात आणि मला बाहेर ठेवलंत. परतीच्या एस.टी.त पारोळा मागं पडेपर्यंत वहीत मापं उतरवत होतात. मग म्हणालात, "त्यांना बाजूचं दिसत नाही. दिवस मावळला की समोरचंही नाही. घरात कुणाला माहीत नाही. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय मी. तुला काम करायचंय म्हणून सांगितलं."

"पण डॉक्टर?" मी विचारलं.

"सिंधू, शब्द दिलाय म्हटलं ना."

मला माझे काका आठवले. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले होते, आणि आधी आला असतात तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं भिंतीला डोकं टेकून बसलं होतं.

आणि मग ती उन्हाळ्यातली दुपार. जळगावचं ऊन, खिडक्या बंद, सगळे निजलेले. मी पाणी प्यायला उठले आणि आपल्या घरच्या बोळाच्या तोंडाशी थबकले. तुम्ही डोळ्यांवर काळं कापड घट्ट बांधून चालत होतात. एक हात भिंतीवर, दुसरा पुढं केलेला, बोटं फाकलेली. भिंत संपली तिथं तुमचा हात हवेत गेला आणि तुम्ही जागच्या जागी थांबलात. चेहरा असा झाला की तो तुमचा वाटेना. मी हाक मारली नाही. तुम्ही मागं सरलात, पुन्हा भिंत शोधलीत, खडूनं तिच्यावर आपल्या हाताच्या उंचीला खूण केलीत आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागलात. हल्ली डोळे मिटले की मला तुमचा हसरा चेहरा दिसत नाही, अक्का. तो दिसतो, काळं कापड बांधलेला. आणि तो पुढं केलेला हात बोळात अजून काहीतरी शोधत असतो.

धुळ्याच्या त्या घरात मग तुम्ही बोळाच्या दोन्ही भिंतींना शिसवी लाकडाची पट्टी बसवलीत, सलग, कुठंही न तुटणारी. बैठकीत गुळगुळीत फरशी आणि जेवणघराच्या उंबऱ्याशी खडबडीत, म्हणजे पावलाला कळावं. दारं उघडी राहून कपाळाला लागू नयेत म्हणून भिंतीत सरकणारी केलीत. सुताराला टेबलांचे, कपाटांचे, ओट्याचे सगळे कोपरे गोल करायला सांगितलेत तेव्हा तो वैतागून म्हणाला, "अक्का, हाई बठ्ठं गोल कसाले करानं?" तुम्ही म्हणालात, "मुंबईत आता असंच चालतं." साहेबांना काचेचं टेबल हवं होतं. "साहेब, धुळ्यात काचेचं टेबल? दिवसभर एक माणूस फडकं घेऊन उभं ठेवावं लागेल," असं तुम्ही म्हणालात आणि ते मोठ्यानं हसले. ते घर बघायला लोक यायचे. साहेब पट्टीवरून हात फिरवत सांगायचे, "हे नव्या धर्तीचं आहे." मालतीबाई मागं उभ्या असायच्या.

वास्तूच्या जेवणानंतर आपण धुळ्यातच माझ्या माहेरी मुक्कामाला होतो. तिथं माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्ही पट्ट्या ठोकताय आणि तिकडं बाईचे डोळे चाललेत. उद्या सगळा अंधार झाला की ही पट्टी काय कामाची? साहेबांना एकदा सांगा. ते मुंबईला नेतील, उपचार होतील."

तुम्ही पेटीत नमुने लावत होतात. म्हणालात, "मी त्यांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. डोळे त्यांचे आहेत."

"आणि वाचले असते तर?"

तुम्ही पेटीचं झाकण लावलंत.

पुढं माहेरून कळलं की मालतीबाईंना आता अजिबात दिसत नाही. मी तुम्हाला ते मुद्दाम कामाच्या मधे सांगितलं. तुम्ही बोर्डावर वाकलेल्या होतात. पेन थांबलं आणि त्याच्या टोकाशी शाईचा ठिपका वाढत गेला, चांगला मसुराएवढा. "हो," तुम्ही म्हणालात, "कळलं मला." एवढंच. त्यानंतर आपण कितीतरी दुकानं केली, दवाखाने केले, सिनेमाच्या थेटरातली मॅनेजरची केबिनसुद्धा केली. पण काही बिनसलं की ते घर मधे यायचंच. मी म्हणायचे, "तुम्हाला गप्प बसायची सवयच आहे." तुम्ही खरोखरच गप्प बसायचात.

दवाखान्यात तुम्हाला धाप लागत होती. बोलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "धुळ्याच्या घराचं एकदा बोलायचंय तुझ्याशी." मी म्हणाले, "घरी गेल्यावर बोलू." तुम्ही मान हलवलीत. घरी तुम्हाला आणलं ते तसं.

काल दुपारी मालतीबाई आल्या.

मोठी मुलगी इथंच पिंप्राळ्यात दिली आहे, तिच्याकडं त्या उतरल्यात. सोबत शैला होती. ती आता पारोळ्याच्या शाळामास्तरांची बायको आहे, कडेवर मूल. मालतीबाई सतरंजीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्कांचा बोर्ड कुठं आहे?" मी त्यांचा हात धरून नेलं. त्यांनी बोर्डाच्या कडा चाचपल्या, चारही. टी-स्क्वेअर काढून हातात दिला तर त्याच्या दांड्यावरून बोटं फिरवत राहिल्या. "ह्याच्यावर काढलं का माझं घर?"

"हो," मी म्हणाले.

शैला मुलाला घेऊन अंगणात गेली तशी त्यांनी माझा हात दाबला. "सिंधूताई, तुम्ही अक्कांशी माझ्यावरून भांडायचात ना? मला त्यांनी सांगितलं होतं. तुमच्यावर रागावून नव्हे. म्हणायच्या, सिंधू तुमच्यासाठी भांडते."

मी त्यांच्या हातातला टी-स्क्वेअर घेऊन परत भिंतीला टांगला.

"अक्कांनी मला डॉक्टरांकडे नेलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात. पडद्याचं कापड निवडायचं म्हणून मला धुळ्याहून इथं आणलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा आजार रक्तातून येतो, ह्याला औषध नाही. माझ्या आईला होता, मामाला होता. अक्का त्यांच्याशी वाद घालत होत्या. मुंबईला नेऊ, मद्रासला नेऊ. डॉक्टर म्हणाले, बाई, कुठंही न्या."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"दोन मुली होत्या ना पदरात. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. सासूबाईंना कळलं असतं, मग गावाला. रक्तात आंधळेपण आहे म्हटल्यावर माझ्या मुली कुणी केल्या असत्या? मी अक्कांना मुलींची शपथ घातली. दोघींची लग्नं होईपर्यंत हे रक्तातलं कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. तुम्हालासुद्धा नाही." त्यांनी बोर्डावर हात टेकला. "शैलाचं लग्न झाल्यावर मी त्यांना मोकळं केलं होतं. आता सिंधूताईंना सांगा म्हटलं होतं. सांगितलं नाही का?"

नाही सांगितलंत तुम्ही, अक्का. शैलाचं लग्न होऊनही किती दिवस झाले. मी एवढी तोडून बोलायचे, की तुम्हाला वाटलं असेल आता कशाला? की सांगितलं तर मी रडेन आणि तुम्हाला रडणारी माणसं झेपायची नाहीत?

मालतीबाईंनी मग साहेबांना कसं कळलं ते सांगितलं. एका संध्याकाळी धुळ्यातले दिवे गेले. साहेब खुर्चीला अडखळले, सासूबाई ओरडायला लागल्या, आणि मालतीबाई पट्टीला हात लावून सरळ आत गेल्या, मेणबत्ती आणि काड्यापेटी घेऊन आल्या. साहेबांनी मेणबत्ती पेटवून त्यांच्या चेहऱ्यासमोर धरली. त्यांचे डोळे हलले नाहीत. "मग ते पट्टीशी जाऊन उभे राहिले," मालतीबाई म्हणाल्या. "किती वेळ तिच्यावर हात ठेवून उभे होते. म्हणाले, हे सगळं ह्यासाठी होतं होय?" एवढं सांगून त्या हसल्या आणि लगेच कुजबुजल्या, "शैलाला मात्र ह्यातलं काही ठाऊक नाही हं. डॉक्टर म्हणाले होते, मुलींना येईल किंवा नाही येणार. मोठी चांगली आहे. शैलाही चांगलीच आहे."

मी हो म्हणाले.

दिवेलागणी होत आली. शैला मुलाला माझ्याकडं देऊन कपबशा आत न्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला ठेचकाळली. कपबशी वाचली. ती भिंतीला हात लावून उभी राहिली. मी मागोमाग आत गेले. ती माझ्याकडं बघत होती, पण माझ्या खांद्याच्या जरा पलीकडं.

"शैला," मी म्हणाले.

"कळलं ना तुम्हाला?" ती हळूच म्हणाली. "बाळ झाल्यापासून वाढलंय. पण मला लहानपणापासून माहीत आहे, मावशी. त्या पट्टीवर मी आईला हात ठेवून चालताना बघायची. आणि रात्री अंगणात मलाही दिसायचं नाही."

"तुझ्या सासरी?"

"ह्यांना लग्नाआधीच सांगितलं मी. बघायला आले तेव्हा गच्चीत नेऊन सांगितलं. ते म्हणाले, मग संध्याकाळचं दूध मी आणत जाईन." ती हसली. पदरानं नाक पुसलं. "आईला कळू देऊ नका. मला ठाऊक होतं म्हटल्यावर तिला वाटेल, आपण एवढं सोसलं ते फुकटच गेलं."

मी तिलाही हो म्हणाले.

माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, अक्का. सांगायला हवं होतं. सगळ्यांनी सगळ्यांना. त्या मास्तरांसारखी माणसं असतात, आणि ती आहेत का नाहीत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. हे तुम्हाला तोंडावर ऐकवायचं होतं. तुम्ही म्हणाला असतात, "आणि तसा मास्तर नसता मिळाला तर?" मी काहीतरी बोलले असते, तुम्ही काहीतरी. जेवणं थंड झाली असती. पण मी नुसता एकच प्रश्न विचारून तुम्हाला इतकी वर्षं छळलं नसतं, आणि तुम्ही ते एकटीनं गिळलं नसतंत. तुम्ही टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं होतंत. ह्याचंही द्यायचं होतं.

टांगा दाराशी आला तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. मी मूल घेऊन पुढं झाले आणि ते टांगेवाल्याशेजारी आधीच बसलेल्या, पिंप्राळ्यालाच निघालेल्या ओळखीच्या बाईंकडं दिलं. मागून मायलेकी हातात हात घालून आल्या. लोकांना वाटत होतं, मुलगी आंधळ्या आईला घेऊन निघाली आहे. टांग्यापाशी शैला थांबली. तिनं पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. पायरी कुठं आहे ते तिला दिसेना. मी पुढं होणार तेवढ्यात मालतीबाईंनी मोकळ्या हातानं पायरी चाचपून पाहिली, मुलीचं कोपर धरलं आणि अगदी सहज, उगीच काहीतरी बोलावं तसं म्हणाल्या,

"जपीसन, शैला. पायरी उंच शे."

शैलाचा हात त्यांच्या हातात क्षणभर ताठ झाला. मग ती चढली. पाठोपाठ त्या चढल्या. टांगा हलला. मी फाटकात उभी राहून बघत होते, अक्का. दोघी एकमेकींना चिकटून, समोर तोंड करून बसल्या होत्या, आणि पिंप्राळ्यापर्यंत त्या एकमेकींशी एक अक्षरही बोलल्या असतील असं मला वाटत नाही.